आधी इंटिग्रेशन, मग डेरिव्हेटिव्ह, सगळ्यात शेवटी लिमिट!

एफवाय बीएस्सीला गणित घेतलेल्या कुणालाही विचारा, क्रम ठरलेला असतो. आधी लिमिट. मग कंटिन्युइटी. मग डेरिव्हेटिव्ह. आणि परीक्षा तोंडावर आली की इंटिग्रेशन, त्याच्या शेपटीला 'प्लस सी'. तो 'सी' लिहायचा राहिला की मार्क गेला!

प्रत्यक्षात हे सगळं नेमकं उलट्या क्रमाने घडलं. क्षेत्रफळं आणि घनफळं काढायची युक्ती, म्हणजे इंटिग्रेशनचं बीज, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात सापडलं. युरोपात डेरिव्हेटिव्हची रीत हाती यायला सतरावं शतक उजाडलं. लिमिटची काटेकोर व्याख्या तर थेट एकोणिसाव्या शतकातली. पुस्तकाचं पहिलं पान सगळ्यात शेवटी लिहिलं गेलं! माझं ठाम मत आहे की हे पहिल्याच तासाला सांगून टाकावं. एप्सिलॉन-डेल्टा बघून धास्तावलेल्या पोरांना केवढा धीर येईल! ज्या व्याख्येसाठी एकाहून एक हुशार माणसं दीडशे वर्षं झटली, ती आपल्याला पहिल्या आठवड्यात उमगली नाही तर बिघडलं कुठे?

प्रार्थनेच्या पोथीखाली आर्किमिडीज

आर्किमिडीजने एका ग्रंथात आपल्या शोधांमागची रीत उघड करून ठेवली होती. आकृतीचे अतिपातळ काप कल्पायचे, ते मनातल्या मनात तराजूच्या दांडीवर तोलायचे आणि त्यावरून क्षेत्रफळ किंवा घनफळ काढायचं. पॅराबोला आणि गोल त्याने असे 'तोलून' काढले. इंटिग्रेशनचीच ही चाल.

दहाव्या शतकात त्या ग्रंथाची चर्मपत्रावर नक्कल झाली. पुढे १२२९ मध्ये कुणाला तरी प्रार्थनेची पोथी लिहायची होती, आणि चर्मपत्र महाग. मग आर्किमिडीजची अक्षरं खरवडली गेली आणि त्याच पानांवर प्रार्थना लिहिल्या गेल्या. १९०६ मध्ये डॅनिश अभ्यासक हायबर्ग यांनी कॉन्स्टँटिनोपलमध्ये ही पोथी तपासली आणि खालची पुसट ग्रीक अक्षरं ओळखली. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ती वीस लाख डॉलरला गेली. नंतर शास्त्रज्ञांनी क्ष-किरण वापरून शाईतल्या लोखंडाचा माग काढला आणि आणखी मजकूर वाचला. न्यूटन आणि लायब्निझ यांना हा ग्रंथ बघायलाही मिळाला नव्हता!

केप्लरचं लग्न आणि वाइनची पिंपं

१६१३ मध्ये योहानेस केप्लर दुसऱ्यांदा बोहल्यावर चढला. तेव्हा तो ऑस्ट्रियातल्या लिंझला राहायचा. घरात वाइनची पिंपं आली. व्यापाऱ्याने प्रत्येक पिंपाच्या भोकातून एक काठी तिरकी आत सारली, ती टोकापर्यंत किती आत जाते ते बघितलं आणि किंमत सांगितली. पिंप बुटकं असो की लांबोडकं, काठी तीच आणि हिशेबही तोच. ग्रहांच्या कक्षा मोजणाऱ्या माणसाला हे कसं पटावं?

त्याने पिंपांच्या घनफळावर अख्खं पुस्तक लिहिलं. ते १६१५ मध्ये छापून आलं. तपासाअंती त्याला दिसलं की ऑस्ट्रियन पिंपाची ठेवण कमाल घनफळाच्या अगदी जवळची आहे, आणि कमाल बिंदूच्या आसपास आकार थोडा इकडेतिकडे झाला तरी घनफळ जवळजवळ हलतच नाही. म्हणून काठीचा हिशेब फारसा चुकत नव्हता. मॅक्सिमा-मिनिमाच्या गणितात आपण पहिल्या झटक्यात 'डेरिव्हेटिव्ह बरोबर शून्य' लिहितो, त्याचा सगळा अर्थ या पिंपात भरलेला आहे. फर्माने पुढे त्याची पद्धतशीर रीत बसवली.

बिशपचा बिनतोड सवाल

न्यूटन आणि लायब्निझ यांचं कलन कामाला चोख होतं. ग्रहांच्या गतीपासून लोंबत्या साखळीच्या आकारापर्यंत सगळं त्यात बसायचं. पण पायाखाली भुसभुशीत जमीन होती. १७३४ मध्ये जॉर्ज बर्कली या बिशपने नेमकं तिथेच बोट ठेवलं: एखाद्या सूक्ष्म राशीने भागताना ती शून्य नाही म्हणता आणि पुढच्याच ओळीत ती शून्य म्हणून पुसून टाकता, हे कसं चालेल? सवाल बिनतोड होता. १८२१ मध्ये कोशीने पॅरिसच्या इकोल पॉलिटेक्निकमधल्या विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिलं, त्यात त्याने कलनाची उभारणी लिमिटवर केली. आजच्या काटेकोर रूपात ती व्याख्या रुजवली ती कार्ल वायरश्ट्रास या जर्मन गणितज्ञाने.

हा वायरश्ट्रास म्हणजे कमाल माणूस. चाळिशीपर्यंत तो लहान गावांमधल्या शाळांत मास्तरकी करत होता. गणिताबरोबर हस्ताक्षर आणि कसरतही शिकवत होता! रात्री जागून संशोधन करायचा. १८५४ मध्ये त्याचा एक लेख प्रसिद्ध झाला आणि क्योनिग्सबर्ग विद्यापीठाने त्याला थेट सन्मान्य डॉक्टरेट दिली. १८७२ मध्ये त्याने असा एक आलेख मांडला जो कुठेही तुटत नाही, पण ज्याला एकाही बिंदूवर स्पर्शिका काढता येत नाही. डोळ्यांना दिसतं त्यावर विसंबू नका, हा धडा गणिताला असा मिळाला.

काल्पनिक संख्या कुठून आल्या?

पुस्तक सांगतं: क्ष² + १ = ० या समीकरणाला उत्तर हवं म्हणून 'आय' आणला. छे! वर्गसमीकरणात ऋण संख्येचं वर्गमूळ उपटलं की जुने गणिती 'उत्तर नाही' म्हणून मोकळे व्हायचे. त्यांना खिंडीत गाठलं ते घनसमीकरणाने, आणि त्याची कहाणी एखाद्या नाटकासारखी रंगते.

बोलोन्याचा प्राध्यापक स्किपिओने देल फेरो याने घनसमीकरणाच्या एका प्रकाराची रीत शोधली आणि दाबून ठेवली. त्या काळी प्राध्यापकाला भर सभेत आव्हान देता यायचं आणि हरल्यास नोकरी धोक्यात यायची. गुप्त रीत म्हणजे हुकमाचा एक्का. १५२६ मध्ये तो वारला, त्याआधी त्याने ती आपल्या फिओर नावाच्या शिष्याला सांगितली होती. १५३५ मध्ये या फिओरने टार्टाग्लियाला आव्हान दिलं. दोघांनी एकमेकांना ३० गणितं घालायची. फिओरने तीसच्या तीस एकाच साच्यातली दिली. टार्टाग्लियाने मुदत संपायच्या बेतात रीत स्वतः हुडकली आणि सगळी गणितं दोन तासांच्या आत उडवली.

हा टार्टाग्लिया लहानपणी फ्रेंच सैन्याने ब्रेशा शहर लुटलं तेव्हा तलवारीच्या वाराने जबड्यावर जखमी झाला होता आणि जन्मभर अडखळत बोलायचा. १५३९ मध्ये मिलानच्या कार्दानो या वैद्याने त्याची मनधरणी केली, गुप्ततेची शपथ घेतली आणि रीत मिळवली. ती टार्टाग्लियाने चक्क कवितेत बांधून दिली होती! पुढे कार्दानोला बोलोन्यात देल फेरोचे कागद बघायला मिळाले. मग आपण शपथेतून सुटलो असं मानून त्याने १५४५ मध्ये रीत छापली. दोघांनाही श्रेय दिलं, तरी टार्टाग्लिया आयुष्यभर धुमसत राहिला.

आता गंमत बघा. क्ष³ = १५क्ष + ४ या समीकरणाचं एक उत्तर ४ आहे; ६४ बरोबर ६० अधिक ४, कुणीही ताडून बघावं. पण कार्दानोच्या सूत्रात घातलं की मध्येच ऋण १२१ चं वर्गमूळ उभं राहतं. उत्तर खरं आणि वाट अशक्य! दलदली आटवण्याची कामं करणाऱ्या राफाएल बोम्बेल्ली या इंजिनिअरने धीर केला. त्याने १५७२ च्या आपल्या बीजगणितात या अशक्य संख्यांच्या बेरजा-गुणाकारांचे नियम लिहिले, त्या वाटेने चालत गेला आणि पलीकडे बरोबर ४ वर पोचला. या संख्यांना खरा मान मिळाला तो त्या दिवशी, असं मी मानतो.

आणि 'बरोबर' चं चिन्ह?

तेही याच काळातलं. १५५७ मध्ये रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श वैद्याने इंग्रजी पुस्तकात पहिल्यांदा दोन समांतर रेघा ओढल्या. तोवर 'बरोबर' हा शब्द पुन्हा पुन्हा लिहावा लागे, त्याचा त्याला कंटाळा आला होता. दोन समांतर रेघांहून अधिक सारखं काय असणार, असं कारणही त्याने दिलं. पुढच्याच वर्षी तो तुरुंगात वारला.

चाळीसगावजवळची गणितशाळा

१६५७ मध्ये फर्माने युरोपातल्या गणितज्ञांना एक कोडं घातलं: एका पूर्ण वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवा, उत्तरही पूर्ण वर्ग यायला हवं. दिसायला किरकोळ आहे. पण सगळ्यात लहान उत्तरातल्या संख्या आहेत २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९! हेच उदाहरण भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, म्हणजे ५०७ वर्षं आधी, आपल्या 'बीजगणित' ग्रंथात चक्रवाल पद्धतीने सोडवलेलं आहे. हातात कॅल्क्युलेटर नसताना.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, तो चाळीसगावजवळच्या पाटणला. तेराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्यातला संस्कृत मजकूर संपला की पुढे जुनी मराठी सुरू होते, आणि तिच्यात चक्क कराची नोंद आहे: पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरचं राजाचं उत्पन्न मठाला दिलं. बाजाराच्या करावर चालणारी गणितशाळा, आणि तिचा जमाखर्च आपल्या भाषेत कोरलेला! पाटणादेवीला जाणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकून जावं असं मला मनापासून वाटतं.

कलनाचा धागाही इथे आहेच. ग्रहाची तात्कालिक गती काढताना भास्कराचार्यांनी ज्येतला बदल कोटिज्येच्या प्रमाणात असतो हे वापरलं. 'साइनचं डेरिव्हेटिव्ह कोसाइन' हे ज्याला पाठ आहे त्याला ओळख पटेलच. मूळचे महाराष्ट्रातले आणि काशीच्या संस्कृत कॉलेजात शिकवणारे बापूदेव शास्त्री यांनी १८५८ मध्ये इंग्रजी नियतकालिकात ही गोष्ट मांडली, आणि लंडनपर्यंत वाद झडला.

केरळात चौदाव्या शतकाच्या आसपास संगमग्रामच्या माधवाने याहून मोठी झेप घेतली. साइन, कोसाइन आणि पाय यांच्या अनंत श्रेणी त्याच्या नावावर आहेत. त्यांच्या सिद्धता ज्येष्ठदेवाने सोळाव्या शतकात 'युक्तिभाषा' या ग्रंथात लिहिल्या, त्याही मलयाळममध्ये. गणिताच्या सिद्धता बोलीत लिहिता येत नाहीत असं म्हणणाऱ्यांना हे एक नाव पुरे.

सावकाराच्या वहीतली संख्या

'ई' ही संख्या कुठून टपकली असं वाटतं ना? चक्रवाढ व्याजातून. एक रुपया, दर साल शंभर टक्के. वर्षाने व्याज धरलं तर दोन रुपये. दर सहामाहीला धरलं तर सव्वादोन. दरमहा धरलं तर सुमारे २.६१, रोजच्या रोज धरलं तर २.७१. क्षणाक्षणाला धरलं तर? सावकार कुबेर होईल असं वाटतं, पण गाडी २.७१८२८ च्या पुढे सरकत नाही. याकोब बर्नुली १६८३ मध्ये या प्रश्नाशी येऊन थडकला. आणि नेपिअरचे लॉग? ते १६१४ चे! घातांक आज लिहितो तसे लिहिण्याची पद्धत देकार्तने १६३७ मध्ये रुळवली. म्हणजे लॉगरिदम आधी, घातांकांचं लेखन नंतर. इथेही क्रम उलटाच.

न्यूटनची सांकेतिक चिठ्ठी

१६७६ मध्ये न्यूटनने लायब्निझला पाठवलेल्या पत्रात आपल्या कलनाचं सार लिहिलं, पण एका लॅटिन वाक्यातलं कोणतं अक्षर किती वेळा येतं, एवढंच मोजून. शोध आपला आधीचा हे सिद्ध करता यावं आणि समोरच्याला काही कळू नये! लायब्निझ मात्र चिन्हांचा कारागीर. इंटिग्रेशनचं लांबट 'एस' त्याच्या कागदांवर २९ ऑक्टोबर १६७५ ला पहिल्यांदा उमटलं, आणि आजही आपण तेच काढतो. पुढे श्रेयावरून भांडण पेटलं. १७१२ मध्ये रॉयल सोसायटीने चौकशी समिती नेमली. सोसायटीचा अध्यक्ष होता न्यूटन, आणि अहवालही बराचसा त्यानेच लिहिला. निकाल कुणाच्या बाजूने लागला हे सांगायला नको. चिन्हांच्या लढाईत मात्र लायब्निझ जिंकला.

नियम बर्नुलीचा, नाव लोपितालचं

शून्य भागिले शून्य आलं की पोरं हाक मारतात त्या लोपितालच्या नियमाला. मार्की द लोपिताल हा श्रीमंत सरदार. १६९४ मध्ये त्याने योहान बर्नुलीला वर्षाला ३०० लिव्र देऊ केले, अट अशी की तुझे नवे शोध मला कळव, इतरांना नाही. १६९६ मध्ये लोपितालचं पुस्तक आलं, विकलनाचं जगातलं पहिलं पाठ्यपुस्तक. त्यातच हा नियम होता. सरदार वारल्यावर बर्नुलीने आपला हक्क सांगितला, पण फारसं कुणी मानलं नाही. तो करार सांगणारं पत्र १९५५ मध्ये छापलं गेलं तेव्हा कुठे त्याची बाजू खरी ठरली.

खोलीच्या भिंतीवर कॅल्क्युलस

माझा सगळ्यात लाडका किस्सा हा. रशियातल्या एका जनरलच्या गावाकडच्या घराला नवा भिंतीचा कागद लावायचा होता. मुलांच्या एका खोलीपुरता कागद कमी पडला. माळ्यावर जनरलने तरुणपणी जपून ठेवलेली कलनाच्या व्याख्यानांची छापील पानं पडून होती, ऑस्ट्रोग्राड्स्की या गणितज्ञाच्या व्याख्यानांची. तीच भिंतीला डकवली. छोटी सोफिया तासन्‌तास त्या भिंतीपुढे उभी राहून पानांचा क्रम लावत बसायची. अर्थ कळत नव्हता, पण सूत्रं डोळ्यांत बसली. पुढे पीटर्सबर्गला कलनाची शिकवणी लागली, तेव्हा ती इतक्या झपाट्याने शिकली की शिक्षक चकित झाले.

हीच सोफिया कोवालेव्स्काया. बर्लिन विद्यापीठ मुलींना वर्गात बसू देत नव्हतं, म्हणून कसरत शिकवणाऱ्या त्या आपल्या वायरश्ट्रासनेच तिला चार वर्षं घरी शिकवलं. १८७४ मध्ये तिला ग्योटिंगेनची डॉक्टरेट मिळाली, १८८९ मध्ये ती स्टॉकहोमला पूर्ण प्राध्यापक झाली.

तिच्याही आधी, १७४८ मध्ये, मिलानच्या मारिया गाएताना आन्येसीने तिशीत बीजगणितापासून कलनापर्यंतचं दोन खंडी पाठ्यपुस्तक लिहिलं होतं. आजच्या अभ्यासक्रमाचा आराखडा त्यात सहज ओळखू येतो.

रँग्लर आणि लाकडी चमचा

केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणारे ते रँग्लर, आणि पहिला तो सीनिअर रँग्लर. १८९९ मध्ये दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हा मान मिळवणारे पहिले भारतीय ठरले. 'रँग्लर' हा शब्द मराठी घराघरांत पोचला तो त्यांच्यामुळे. परत येऊन ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले.

त्याआधी नऊ वर्षं, १८९० मध्ये, फिलिपा फॉसेट या मुलीने सीनिअर रँग्लरपेक्षाही वरचे गुण मिळवले होते. पण मुलींची यादी वेगळी, आणि केंब्रिजने स्त्रियांना पदव्या द्यायला सुरुवात केली ती १९४८ मध्ये! उलट, पास झालेल्यांत शेवटून पहिला येणाऱ्यालाही एक मान होता. पदवीदानाच्या वेळी त्याचे मित्र सज्जातून दोरीने भलामोठा लाकडी चमचा खाली सोडायचे. क्रमवारी जाहीर करणं बंद झालं आणि १९०९ चा चमचा शेवटचा ठरला.

डेरिव्हेटिव्हशिवाय मॅक्सिमा

दिल्ली कॉलेजातले मास्टर रामचंद्र यांना वाटायचं की भारतीय विद्यार्थ्याची नाळ बीजगणिताशी जुळलेली आहे, तर कमाल-किमानाची गणितं तिथूनच का करू नयेत? १८५० मध्ये त्यांनी कोलकात्याला स्वखर्चाने इंग्रजी पुस्तक छापलं. युक्ती अशी: परिमिती ४० असलेल्या आयताचं कमाल क्षेत्रफळ किती? एक बाजू क्ष, दुसरी २० वजा क्ष. क्षेत्रफळ अ धरलं तर क्ष² − २०क्ष + अ = ०. उत्तर खरं असायला ४०० वजा ४अ ऋण होता कामा नये. म्हणजे अ जास्तीत जास्त १००. झालं! डेरिव्हेटिव्हचं नावसुद्धा नाही.

हे पुस्तक ऑगस्टस द मॉर्गन यांच्या हाती पडलं आणि ते इतके खूश झाले की १८५९ मध्ये त्यांनी ते लंडनला पुन्हा छापवून घेतलं. द मॉर्गन यांचा जन्म मदुराईचा, १८०६ चा. 'क्ष² साली मी क्ष वर्षांचा होतो' हे त्यांचं आवडतं कोडं: १८४९ साली ४३. असा योग नुकताच येऊन गेला. २०२५ म्हणजे ४५ चा वर्ग, त्यामुळे १९८० साली जन्मलेल्या प्रत्येकाला हे कोडं घालता येतं.

टेबलाबाहेर किती वह्या?

जाता जाता एक प्रयोग. एक, अधिक अर्धा, अधिक एक तृतीयांश, अधिक एक चतुर्थांश... ही बेरीज अनंतापर्यंत वाढत जाते, हे ओरेमने चौदाव्या शतकातच सिद्ध केलं. पण किती संथ! दहा लाख पदं मिळवली तरी बेरीज १४.४ च्या आतच. आता याच बेरजेतली पदं निम्मी करून सारख्या आकाराच्या चार वह्या रचा. सगळ्यात वरची तिच्या खालचीपेक्षा अर्धी बाहेर, दुसरी एक चतुर्थांश, तिसरी एक षष्ठांश, चौथी टेबलाच्या कडेपासून एक अष्टमांश बाहेर. वरची वही पूर्णपणे टेबलाबाहेर हवेत असेल आणि ढीग पडणार नाही. दोन वह्यांच्या लांबीइतकं बाहेर जायला ३१ वह्या लागतात. तीन वह्यांइतकं जायला २२७.